साडेसात ते नऊचं हृदय

माझे मिस्टर त्या उन्हाळ्यात पुष्कळ वेळा वारले. एकदा भर दुपारी, एकदा मी भाकरी थापत असताना, आणि एकदा तर टीव्हीवर कबड्डीचा सामना बघता बघता. दर वेळी आमची राजसी डायनिंग टेबलावरून मान वर करायची आणि म्हणायची, "पप्पा, गेलात तुम्ही." हे शेंगा सोलत विचारायचे, "आता कशानं गं?"

"पोटॅशियम वाढलं. माझं लक्षच नव्हतं."

"असू दे, असू दे. उठव परत."

ती स्क्रीनवर बोट टेकवायची की हे परत जिवंत. मी आपली स्वयंपाकघरातून ओरडायची, "अगं, तिन्हीसांजेचं तरी मारू नकोस त्यांना!"

राजसी आमची एकुलती एक. एमबीबीएस झालेली, पण आता नुसत्या डिग्रीवर डॉक्टरकी करता येत नाही, परवाना परीक्षा द्यावी लागते. तिची ही तिसरी आणि शेवटची खेप. आधी दोन्ही वेळा पोरगी सगळ्यात पास आणि हृदयात नापास. फुप्फुसं येतात, मूत्रपिंडं येतात, बाळंतपणं तर अशी येतात की विचारू नका. हृदय आलं की हिचंच हृदय धडधडायला लागतं आणि परीक्षकांसमोर ततपप होतं. ह्या वेळी हुकलं तर इंटर्नशिप परत पहिल्यापासून. बरोबरीच्या पोरी दवाखाने थाटून बसल्यात आणि ही आमच्या डायनिंग टेबलावर बापाला मारतीय, हे तिला किती लागत होतं ते मला दिसत होतं.

आता हे मारणं-उठवणं म्हणजे काय, ते सांगते. राजसीनं मला समजावलं तसंच सांगते, चुकलं तर तिचं चुकलं. गेल्या वर्षी ह्यांच्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवला, तेव्हा मोठ्या मशीनमधून हृदयाचे बारीक फोटो काढले होते. त्या फोटोंवरून कॉम्प्युटर आपल्या पोटात हुबेहूब तसंच हृदय तयार करतो. तेवढेच कप्पे, तेवढ्याच जाडीच्या भिंती, तशाच झडपा. त्यातून रक्त वाहतं ते गणितानं. इथं दाब एवढा, तिथं वाट एवढी, मग धार किती जोरात जाईल, असं. ह्याला म्हणतात जोडहृदय.

पण हे झालं फोटो काढला त्या दिवशीचं हृदय. माणूस रोज बदलतो. म्हणून छातीवर डाव्या बाजूला एक पट्टी चिकटवायची, पापडाच्या लाटीएवढी. ती हृदयातली वीज मोजते, ठोक्यांचे आवाज ऐकते, घामसुद्धा बघते आणि सगळं पाठवत राहते. त्या मापांप्रमाणे कॉम्प्युटर आतलं हृदय रोज थोडं उसवतो आणि थोडं शिवतो. टेलर ब्लाउज अंगावर घालायला लावून फिटिंग करतो ना, तसं. आणि मग ते हृदय पुढं पळवता येतं. एखादी गोळी बंद करा, दहा वर्षं पळवा आणि बघा काय होतंय. खऱ्या माणसाच्या केसालाही धक्का लागत नाही.

परीक्षेची नवी पद्धत ह्यावरच होती. एका खऱ्या पेशंटचं जोडहृदय काही महिने सांभाळायचं, परीक्षेला त्या पेशंटला सोबत घेऊन जायचं आणि परीक्षकांना पटवून द्यायचं की हे हृदय असं का वागलं. पेशंट घरचा चालतो. आमच्या घरात तर तयारच होता.

हे शाळेत क्रीडाशिक्षक होते. जन्मभर शिट्टी फुंकून पोरांना पळवलेला माणूस, स्टेंट पडला तेव्हा फार मनाला लावून घेतलं होतं त्यांनी. लेकीनं हृदय मागितल्यावर छाती अशी फुगली की पट्टी चिकटेना. "घे बाळा," म्हणाले, "तुझ्यासाठी बापाचं काळीज हजर आहे."

तसंही आमच्या घरात हृदय म्हणजे ह्यांचंच. ह्यांची बिनतेलाची भाजी, ह्यांचा गोळ्यांचा डबा, ह्यांचं बीपी. मला काय धाड भरली होती? मी माझ्या कामात. आमची कांदा-लसूण चटणी अर्ध्या कोल्हापुरात जाते. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मिरच्या भाजायच्या, डंकावर कुटायच्या, चाळायच्या. मिरचीच्या धुरानं ठसका लागतो, धाप लागते, वर माडीवर जाताना मधल्या पायरीवर जरा थांबावं लागतं. मिरचीत काम करणाऱ्या बाईला एवढं व्हायचंच. गालांवर कायम लाली असायची, तर शेजारच्या म्हणायच्या, "रूपाली, ह्या वयात काय लावतीस गं तोंडाला?" मी म्हणायची, "संकेश्वरी मिरची!"

तर पट्टी लागली आणि चौथ्या का पाचव्या दिवशीच भानगड झाली. हे सकाळी रंकाळ्यावर फिरायला जातात, तिथून पुढं बापू आणि बाकीच्या मित्रांसोबत मिसळ. मिसळ अर्थातच बंद केलेली होती, आणि अर्थातच चालू होती. त्या दिवशी पहिला घास गेला, कटाचा जाळ उठला, घाम फुटला, नाडी पळाली, आणि टेबलावरचा फोन वाजला. पलीकडं राजसी.

"पप्पा, काय खाताय?"

"अगं, काय नाही, पोहे."

"पोह्यांनी एवढा घाम? उठा आधी तिथनं!"

मित्रांसमोर इज्जतीचा पंचनामा. घरी आले ते तोंड पाडूनच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये मिरच्या भाजत होते, तर हे दबक्या पावलांनी आले. हातात पट्टी.

"रूपा, एवढी जरा लावून घे."

"मी? कशाला?"

"नुसती काढून ठेवली की ती बोंबलते. तिला कातडी लागते. तू घरातच आहेस, ठणठणीत आहेस. मी नऊपर्यंत आलोच."

"अहो, पोरीची परीक्षा आहे! तिला सांगीन मी."

"दीड तासानं काय होतंय गं? रात्रंदिवस माझंच मोजतीय की ती. एवढ्या एका मिसळीवर जगतोय मी."

असं तोंड केलं होतं त्यांनी की मला हसूच आलं. जन्मभर हो म्हणायची सवय लागलेल्या बाईला नाही म्हणता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. लावली पट्टी. फोननं विचारलं, 'पेशंट तोच आहे का?' ह्यांनी 'हो' दाबलं, आणि चपला घालून पसार. मग हा रोजचाच रिवाज पडला. साडेसातला पट्टी माझ्याकडं, नऊला परत त्यांच्याकडं.

इकडं राजसीच्या टेबलावर वेगळंच सुरू झालं. बाप मरायचा थांबला, पण पोरगी वाळायला लागली. जेवताना ताटात बघायची नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "आई, पप्पांच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप अरुंद झालीय. मिट्रल व्हॉल्व्ह. पहिला ठोका जोरात, दुसऱ्यानंतर टक्क असा आवाज, आणि मग खाली खोल घरघर. पुस्तकात लिहिलंय तस्संच."

मी हातातली पळी खाली ठेवली. "म्हणजे आता ह्यांचं काय?"

"तेच तर कळत नाही! फक्त सकाळी असतं. नऊनंतर झडप एकदम चांगली, घरघर गायब. संध्याकाळी मी स्वतः स्टेथोस्कोप लावून ऐकते तर काही नाही. मलाच ऐकू येत नाही, आई. माझंच काहीतरी चुकतंय."

आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही बोललात? अहो, माझ्या डोक्यात आलं तर पाहिजे! हृदय ह्यांचं, स्टेंट ह्यांचा, बिघाड झाला तर तो ह्यांचाच. मला वाटलं मिसळीमुळंच होतंय. मी शेडमध्ये ह्यांना गाठून सांगितलं, "मिसळ बंद करा, झडपेला लागतीय." हे म्हणाले, "उद्यापासून." तो उद्या काही उजाडला नाही.

परीक्षा चार दिवसांवर आली आणि राजसीला तिच्या बेंद्रे सरांनी सरावासाठी बोलावलं. परत आली ती चप्पलसुद्धा न काढता सोफ्यावर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. सगळ्या पोरांसमोर सर म्हणाले होते, "मोहिते, झडप म्हणजे काय दुकानाचं शटर आहे का? सकाळी अर्धं आणि नऊनंतर पूर्ण? एकदा अरुंद झालेली झडप आपोआप उघडत नाही. तुला हे एकच हृदय समजत नसेल तर लोकांची हृदयं कशी सोपवायची तुझ्याकडं?"

"मी परीक्षा देत नाही," राजसी म्हणाली. "सर बरोबर बोलतात. मला ह्यातलं कळत नाही. तुम्ही उगीच खर्चलात माझ्यामागं एवढी वर्षं. मी डॉक्टर व्हायच्या लायकीची नाही."

मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. आणि आम्ही दोघंही एकदम खाली बघायला लागलो.

राजसीनं ते बरोबर टिपलं. रडायची थांबली. "काय झालं? का बघितलंत असं?"

"अहो, सांगा की," मी म्हणाले.

"तूच सांग."

"मिसळ कुणी खाल्ली?"

शेवटी सांगितलं ह्यांनी. आयुष्यात हजारो पोरांना दरडावलेला माणूस, पायाच्या अंगठ्याकडं बघत बोलला. राजसी ऐकता ऐकता उभी राहिली. आधी चेहरा लाल झाला. "पप्पा! माझी परीक्षा आहे! मी स्वतःला वेडी समजायला लागले होते!" आणि मग, काय झालं कुणास ठाऊक, तिला हसू फुटलं. डोळ्यांत पाणी आणि वर खो खो हसणं. "म्हणजे माझं बरोबर होतं! झडप शटर नाहीच! सकाळी दुसऱ्याच कुणाची..."

तिथंच थांबली. हसू जागच्या जागी गेलं.

"आई," ती म्हणाली, "सकाळी पट्टी तुला होती."

"हो."

"रोज तुलाच?"

"मग काय दूधवाल्याला लावणार?"

तिनं पिशवीतून स्टेथोस्कोप काढला, मला दिवाणावर झोपवलं, डाव्या कुशीवर व्हायला लावलं आणि छातीच्या खालच्या अंगाला, पट्टी असायची तिथंच, हलकेच टेकवला. डोळे मिटले. एरवी हृदय म्हटलं की ततपप होणारी ही पोरगी आज शांतपणे ऐकत होती. हे भिंतीला टेकून उभे. शेडमधला डंकसुद्धा त्या वेळी नेमका बंद होता.

"टक्क," ती स्वतःशीच पुटपुटली. "आणि ही घरघर." मग डोळे उघडून मला विचारलं, "आई, जिना चढताना थांबतेस ती कधीपासून?"

"मिरचीनं गं ते."

"मिरची जिन्यावर नसते. लहानपणी कधी सांधे सुजले होते? घसा दुखून, ताप येऊन?"

मला आठवलं. गडहिंग्लजला असताना, पाचवी-सहावीत. आधी एक गुडघा, मग दुसरा. आईनं निर्गुडीच्या पाल्यानं शेकलं होतं. मग बरं झालं आणि सगळे विसरून गेले.

"तोच ताप," राजसी म्हणाली. "सांधे सोडून देतो आणि झडपेला धरून ठेवतो. वर्षानुवर्षं. हळूहळू झडपेच्या कडा एकमेकींना चिकटत जातात, वाट अरुंद होते, रक्त मागं फुप्फुसात तुंबतं. म्हणून धाप, म्हणून खोकला. गालांवरची लालीसुद्धा त्याचीच." तिनं स्टेथोस्कोप कानांतून काढला. "मी डॉक्टर, आई. तू माझ्यासमोर रोज जिन्यावर थांबायचीस आणि मी पप्पांच्या ठोक्यांत तोंड खुपसून बसले होते."

हे माझ्या पायाशी येऊन बसले. "मी म्हणालो, ठणठणीत आहेस," एवढंच म्हणाले आणि माझा पाय धरला. म्हटलं, अहो उठा, काय करताय पोरीसमोर! पण खरं सांगू? बरं वाटलं मला. भीती वाटली, नाही असं नाही, पण त्याच्या आधी बरं वाटलं. इतक्या वर्षांत त्या घरात पहिल्यांदाच दोघं जण माझ्या छातीकडं कान लावून बसले होते.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सोनोग्राफीसारखी तपासणी झाली. राजसीनं सांगितलं होतं तेच निघालं, शब्दाला शब्द. डॉक्टर म्हणाले, आज गोळ्या सुरू करू, पुढच्या आठवड्यात मांडीच्या शिरेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची, झडपेत फुगा फुगवायचा, चिकटलेल्या कडा सुटतील. छाती उघडायची गरज नाही. पण अजून दोन-तीन वर्षं कळलं नसतं, रक्ताची गुठळी होऊन डोक्यात गेली असती, तर अवघड होतं.

घरी येताच राजसीनं जाहीर केलं, "मी परीक्षेला बसत नाही. तुझं होईपर्यंत मी हलणार नाही."

"गप्प बस," मी म्हणाले. "माझी झडप चाळीस वर्षं थांबली, एक आठवडा काढंल. तुझी परीक्षा थांबायची नाही."

हे मधे पडले. "पण परीक्षेचा नियम? नोंदीत घोटाळा असला तर केस बाद करतात ना? बाळा, एक कर. सकाळचं तेवढं पुसून टाक. म्हणावं, पप्पा अंघोळीला पट्टी काढत होते. कुणाला कळतंय?"

राजसीनं बराच वेळ टेबलाच्या कडेवर नख घासलं. मला वाटलं पुसते आता. तिसरी खेप, कुणीही पुसलं असतं. मीही काही बोलले नसते.

"नाही पप्पा," ती म्हणाली. "सकाळचं पुसलं की आईच पुसली जाईल. इतके दिवस तेच करत आलोय आपण."

परीक्षेला आम्ही तिघंही गेलो. ह्यांना पेशंट म्हणून आत घेतलं, आणि मला राजसीनं हट्टानं सोबत नेलं. समोर तीन परीक्षक. मधल्या डॉक्टर मुजावर मॅडम, पांढरे केस, चष्म्यावरून बघणं असं की माझ्याच छातीत धडधड वाढली. स्क्रीनवर ह्यांचं जोडहृदय उघडझाप करत होतं.

"विचित्र केस आहे," मॅडम म्हणाल्या. "सकाळी झडप अरुंद, नंतर नॉर्मल. यंत्राला कारण सापडलेलं नाही. तुमचं निदान काय, डॉक्टर?"

राजसी उठली. मी देवाचं नाव घ्यायला लागले.

"मॅडम, पेशंट दोन आहेत," ती म्हणाली. "त्यातला एक लबाड आहे."

शेजारचे परीक्षक खोकले. मॅडम हसल्या नाहीत. "स्पष्ट सांगा."

तिनं सगळं सांगितलं. मिसळ, पट्टी, मी, शेड, मिरची. काही लपवलं नाही. हे मान खाली घालून बसले होते, वर्गाबाहेर उभं केलेल्या पोरासारखे. सांगून झाल्यावर म्हणाली, "यंत्रानं 'पेशंट तोच आहे का' असं विचारलं आणि खोटं उत्तर खरं धरलं. पण मीही तेच धरलं, मॅडम. आवाज बरोबर ऐकला आणि घरातल्या एकाच माणसाच्या नावावर घातला. नियमाप्रमाणे केस बाद होत असेल तर व्हावी. फक्त आईची नोंद पुसू नका."

मॅडमनी चष्मा काढला. "केस बाद होणारच," म्हणाल्या.

ह्यांनी माझा हात गच्च धरला.

"नियमात असंही आहे, की केस बाद झाली तर उमेदवाराला तिथल्या तिथं दुसरा पेशंट द्यायचा." मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "ताई, तुम्ही जरा इकडं येऊन झोपता का? आणि डॉक्टर, यंत्र बंद करा. तुमच्या कानांनी सांगा."

मग काय सांगू! माझी पोरगी अशी बोलली, अशी बोलली की बस. ठोका, टक्क, घरघर, ती का होते, फुगा का चालेल, गुठळी होऊ नये म्हणून कुठली गोळी, ती घेताना काय खायचं टाळायचं. ततपप नाही, थांबणं नाही. मी डाव्या कुशीवर पडल्या पडल्या रडत होते तर तिनं बोलता बोलता माझ्या खांद्यावर थोपटलं आणि परीक्षकांना म्हणाली, "पेशंट घाबरलेली नाही, अभिमानानं नाडी वाढलीय." तेव्हा मात्र मुजावर मॅडम हसल्या. त्यांनी स्वतःचा स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि नुसती मान हलवली.

राजसी पास झाली. माझा फुगाही फुगला. चटणीचं काम महिनाभर ह्यांनी केलं, आणि पहिल्याच दिवशी मिरचीचा हात डोळ्याला लावून घेतला. आता मी माडीवर एका दमात जाते, मधली पायरी कुठं गेली ते कळतसुद्धा नाही. गालांवरची लाली तेवढी गेली. शेजारच्या विचारतात, बंद केलंस का लावायचं?

परवा राजसीनं परवानगी दिली, महिन्यातून एकदा मिसळ, कट बेतानं. ह्यांनी मला पहिल्यांदाच सोबत नेलं. इतकी वर्षं ह्या माणसाची मिसळ सांभाळली, पण ते दुकान आतून मी त्या दिवशी बघितलं. बापूंनी उठून मला खुर्ची दिली. ताटं आली. हे बेतानं कसले खातायत, वाटीभर जादा कट मागवला. मग इकडं तिकडं बघितलं, सवयीनं शर्टात हात घातला आणि परीक्षेनंतरही राजसीनं उतरू न दिलेली पट्टी टेबलाखालून माझ्यापुढं धरली.

"रूपा, एवढी जरा लावून घे."

मी पदर थोडा बाजूला करून माझी स्वतःची पट्टी दाखवली. राजसीनंच लावलीय, माझ्या नावाची.

"जागा नाही ओ," मी म्हणाले. "इथं माझं चाललंय."

हे पट्टी हातात धरून तसेच बसले आणि टेबलावरचा फोन वाजायला लागला. मी पाव मोडला आणि निवांत खायला सुरुवात केली.